व्हिएतनामला जायचंय, पण घरात दोन तट पडलेत

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचा विचार आहे. आम्ही चौघं: मी, बायको, तिसरीतली लेक आणि आई. आई सत्तरीच्या पुढची, गुडघे दुखतात, आणि पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. परदेश म्हणजे आजवर फक्त दुबई, तीही भावाकडे. विमानतळावर न्यायला माणूस आणि घरी गेल्यावर पोळी-भाजी. त्याला परदेश म्हणावं का हाच प्रश्न आहे. इथे ओळखीचं कुणी नाही, आणि लिपी रोमन असली तरी वर-खाली एवढी चिन्हं की एक पाटी धड वाचता येणार नाही.

मला जायचंय ते माई सनच्या शिवमंदिरांसाठी. आईलाही त्याचंच आकर्षण. बायकोला होई आनचे कंदील बघायचेत.

सासरेबुवा रोज सकाळी एक बातमी पाठवतात. कुणाचा मोबाइल हिसकावला, कुठे बोट उलटली, कुठे कुत्रं शिजवतात. मेहुण्याचं उलट टोक: "काही होत नाही दाजी, उतरल्या उतरल्या स्कूटर भाड्याने घ्या आणि सुटा." टूरवाल्यांनी चौघांचा जो आकडा सांगितला तो ऐकून तो मार्ग आपोआप बाद झाला.

तर जे स्वतःच्या जबाबदारीवर गेलेत त्यांनी सांगा, नेमकं कशाला भ्यायचं आणि कशाला नाही?

---

कोल्हापुरी_भडंग

बिनधास्त जावा. हनोईत रस्ता ओलांडायला शिकलासा की निम्मं व्हिएतनाम जिंकलं. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागं तर अजिबात यायचं नाही. एका चालीनं सरळ जायचं, गाड्या तुमच्या अंगावरनं वाट काढून जातात. पयल्यांदा डोळं मिटावं वाटतंय. मिटू नका.

---

निवांत नाना

पैसे देऊन जिवाला घोर लावून घ्यायची ही नवी हौस. आईंना घेऊन जायचं तर बदामी-पट्टदकल आहे की. शिवमंदिरंच बघायची ना? तिथे भाषेचा प्रश्न नाही, खाण्याचा तर नाहीच नाही.

---

इंद्रायणीकाठ

नाना, बदामी झालंय. दोनदा.

---

सायगॉनकरीण

मी कामानिमित्त बरीच वर्षं हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये राहते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

दादा, चोर आणि कुत्री नंतर बघू, आधी तारखा बघा. दिवाळीची सुट्टी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि मध्य व्हिएतनामचा मुसळधार पाऊस नेमका तेव्हाच असतो. आपल्याकडे पाऊस परतलेला असतो, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच येत नाही की दुसरीकडे तो आता सुरू होतोय. ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरचं बाष्प आणतात, मागे डोंगर आहेत, सगळं तिथेच कोसळतं. वर वादळांचा मोसम. २०२५च्या ऑक्टोबरअखेरीस हुए आणि होई आन, दोन्ही शहरं पाण्याखाली होती. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत होड्या फिरत होत्या, माणसं पहिल्या मजल्यावरून सामान घेत होती. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा केलेल्या दिसतात. म्हणजे लोकांना हे अंगवळणी पडलंय, पण तुमच्याकडे मोजून आठवड्याची सुट्टी आणि सोबत गुडघे दुखणारी आई. वहिनींचे कंदील आणि तुमचं माई सन, दोन्ही त्याच पट्ट्यात आहेत.

दिवाळीतच यायचं असेल तर हनोई, निन्ह बिन्ह आणि दक्षिण करा. उत्तरेत तेव्हा फार सुंदर हवा असते. मधला भाग हवाच असेल तर फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये या. मे महिन्यात उकडेल, पण आकाश कोरडं असतं. फक्त त्यांचं नववर्ष, टेट, टाळा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. तेव्हा अख्खा देश आपापल्या गावी जातो, गाड्यांना जागा नसते आणि दुकानं बंद.

आता सासऱ्यांच्या बातम्या. मोबाइल हिसकावतात हे खरं आहे, आणि ते मुख्यतः माझ्याच शहरात. दोघं स्कूटरवरून येतात, फुटपाथच्या कडेला नकाशा बघत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून फोन उचलतात आणि गायब. त्यावर उपाय एकच: नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत जाऊन बघा, आणि पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्याला लावू नका. अंगावर हात टाकून लुटण्याचे प्रकार फार कमी. रात्री दहाला मी एकटी चालत घरी येते.

बोटीचं म्हणाल तर १९ जुलै २०२५ला हा लाँग बेमध्ये अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटली, तीसहून जास्त माणसं गेली. म्हणून हा लाँगला जाऊच नये असं मी म्हणणार नाही. पण वादळाच्या इशाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर पैशांसाठी हुज्जत घालू नका, आणि लेकीला लाइफ जॅकेट घालूनच बसवा, बोटीवर बाकी कुणी घातलं नसलं तरी.

पोलीस ११३, आग ११४, रुग्णवाहिका ११५. हनोईत आपला दूतावास आहे, इथे सायगॉनमध्ये वाणिज्य दूतावास. हे फोनमध्ये नको, कागदावर लिहून आईंच्या पर्समध्येही ठेवा.

---

चौथा मजला

ताईंनी हवामानाचं लिहिलं ते फारच उपयोगी. आता मेहुण्याचा समाचार.

स्कूटर भाड्याने मिळते, अगदी सहज मिळते. पासपोर्टची झेरॉक्स दिली की किल्ली हातात. परवाना आहे का हे दुकानदार विचारत नाही, कारण तो त्याचा प्रश्नच नाही. आपण आरटीओतून काढतो तो आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा कराराखालचा. व्हिएतनाम मानतं १९६८च्या व्हिएन्ना करारातला. म्हणजे आपलं ते पुस्तक तिथे निव्वळ फोटोचं पुस्तक. ५० सीसीच्या वरची गाडी घेतलीत की तुम्ही कायद्याने विनापरवाना. जानेवारी २०२५पासून दंडही भरमसाट वाढवलेत.

आणि दंड परवडला. माझा भाचा उत्तरेकडच्या हा जियांगच्या घाटात घसरला. खडी होती, समोरून ट्रक, याने ब्रेक दाबला. पायाची दोन हाडं मोडली. प्रवास विमा होता, चांगला महागातला. कंपनीचा पहिला प्रश्न: वाहन चालवण्याचा तिथे वैध परवाना? विषय संपला. शस्त्रक्रियेचा आणि परत आणण्याचा सगळा खर्च ताईने भरला. विम्याच्या कागदावर ते कलम पहिल्यापासून होतं, बारीक अक्षरात.

त्या देशात दहा कोटी माणसं आणि सात कोटींच्या वर दुचाक्या आहेत, आणि वाहतूक उजव्या बाजूने. साप खाण्याची भीती वाटणारा माणूस तिथे पहिल्याच दिवशी स्कूटरवर बसतो याचं मला कायम नवल वाटत आलंय. हा जियांगला जायचंच असेल तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जा किंवा गाडी करा. शहरांत ग्रॅब आहे, आपल्या ओला-उबरसारखं, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही.

---

कोल्हापुरी_भडंग

+१. आणि पोरासोरांच्या खिशात ते व्हेप असलं तर घरीच काढून ठेवाय सांगा. २०२५पासनं तिथं बंदी हाय त्याच्यावर. नशेच्या बाकीच्या भानगडीत तर फाशीपर्यंतची शिक्षा.

---

वडाची पारंबी

सगळे धोकेच सांगताय, म्हणून मी जरा दुसऱ्या बाजूने लिहिते. मी एकटीच गेले होते, आणि पुन्हा जाणार आहे.

हुएहून दा नांगला आगगाडीने जा. हनोई ते सायगॉन हा १,७२६ किलोमीटरचा एकच लोहमार्ग आहे, १९३६मध्ये पूर्ण झाला, युद्धात तुटला, १९७६मध्ये परत जोडला. सगळा प्रवास करायची गरज नाही, दीड दिवस जातो. पण हाय व्हानच्या घाटात गाडी अगदी समुद्राच्या कडेने सरकते. एका अंगाला झाडीने भरलेला कडा, दुसऱ्या अंगाला थेट खाली पांढरा फेस. डब्यात समोर एक आजी होत्या. त्यांनी पिशवीतून पोमेलो काढला, म्हणजे आपलं पपनसच, सोलून त्याच्या फोडी तिखटमिठात बुडवून माझ्यापुढे धरल्या. एक शब्द सामाईक नाही. त्यांनी हाताने विचारलं, नवरा? मी हाताने सांगितलं, नाही. त्यांनी डब्यातल्या सगळ्यांना ती बातमी दिली. मग चार बायकांनी मिळून माझ्या लग्नाची चर्चा केली असावी, कारण तिकीट तपासनिसाकडे बोट दाखवून सगळ्या हसत होत्या. तोही लाजला बिचारा.

हनोईत मला सकाळ आवडायची. साडेपाचला होआन कियेम तळ्याभोवती अख्खं शहर व्यायामाला उतरलेलं असतं. कुणी पंखे घेऊन कवायत करतंय, कुणी बॅडमिंटन, साठीच्या बायका स्पीकर लावून नाचतायत. मीही मागच्या रांगेत उभी राहिले, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. आपल्या गावात मी हे केलं असतं का? जिथे आपल्याला कुणीच ओळखत नाही तिथे अंगातला एक संकोच उतरतो. मला परदेशात जायला आवडतं त्याचं अर्धं कारण हेच. प्रेक्षणीय स्थळं फोटोतही दिसतात.

बसायची एक अडचण मात्र सांगते. रस्त्यावरचं खाणं-पिणं सगळं वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर चालतं. काकूंचे गुडघे बघता तिथे बसणं जमणार नाही, आणि बसल्या तर उठणं नाही.

---

सौ_हजार

व्हिसाबद्दल कुणीच बोललं नाही? ई-व्हिसा मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशाचे २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन'ने संपतो. हुबेहूब दिसणारी एजंटांची बरीच आहेत, ती दुप्पट-तिप्पट घेतात.

खरी गोम आपल्या नावात आहे. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचं नाव अधिक वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत. अर्ज भरताना लोक सवयीने मधलं नाव गाळतात, किंवा आडनाव शेवटी टाकतात. पासपोर्टवर आहे तस्संच्या तस्सं भरा. एका अक्षराचा फरक असला तरी मुंबईतच विमान कंपनी चढू देत नाही, आणि पैसे परत मिळत नाहीत, नवा अर्ज करावा लागतो. काकूंच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव कसं लिहिलंय ते आत्ताच उठून बघा. कुठल्या विमानतळावर उतरणार हेही अर्जात निवडावं लागतं.

नोटांचं दुसरं. रुपयाला साधारण तीनशे डाँग. वीस हजारांची नोट निळी, पाच लाखांची नोटही निळसरच. पहिली सत्तरेक रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वरची. रात्री टॅक्सीत मंद दिव्याखाली काय होतं ते सांगायला नको. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

---

रायगडाचा वारा

एक विचारायचं होतं. व्हिएतनामच्या अध्यक्षांनी अमेरिकेला हरवल्यावर सांगितलं होतं की आम्ही छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून युद्ध जिंकलं. त्यांच्या समाधीवर तसं कोरलेलं आहे म्हणे. ती समाधी कुठे आहे? तिथे जाऊन मुजरा करायची इच्छा आहे.

---

जुनी पोथी

दादा, हा निरोप मलाही दर शिवजयंतीला येतो. त्यात कधी महाराज असतात, कधी महाराणा प्रताप. मजकूर तोच.

ते अध्यक्ष म्हणजे उत्तर व्हिएतनामचे हो ची मिन्ह. ते १९६९मध्ये वारले, युद्ध संपलं १९७५ला. हनोईत बा दिन्ह चौकात त्यांचं स्मारक आहे, तिथे त्यांचा देह काचेच्या पेटीत जतन केलेला आहे. स्वतः त्यांनी मृत्युपत्रात दहन करा असं लिहिलं होतं, पण ते मानलं गेलं नाही. रांगेतून हळूहळू पुढे सरकायचं, बोलायचं नाही, फोटो नाही, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. सकाळीच उघडं असतं आणि उन्हाळ्यात काही आठवडे देखभालीसाठी बंद. 'महाराजांचा मावळा' वगैरे काहीही तिथे कोरलेलं नाही. महाराजांच्या मोठेपणाला हनोईच्या दाखल्याची गरज पडावी असं तुम्हाला तरी वाटतं का?

---

रायगडाचा वारा

नाही वाटत. पण पटकन पटलंही नाही. असो. धन्यवाद.

---

निवांत नाना

अवांतर: एका निरोपाची तरी वजाबाकी झाली. धागा सत्कारणी.

---

जुनी पोथी

मूळ विषयावर येतो, माई सनवर. धागाकर्त्याचं तेच कारण आहे आणि अजून कुणी त्याला हात लावलेला नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस चंपाचा (चाम लोकांचं जुनं राज्य) राजा भद्रवर्मन याने तिथे शिवाचं देऊळ बांधलं आणि देवाला नाव दिलं भद्रेश्वर. राजाने आपल्या नावापुढे 'ईश्वर' लावून लिंगाची स्थापना करायची ही रीत आपल्याला नवी नाही. पुढे तेराव्या शतकापर्यंत तिथे बांधकाम होत राहिलं. सगळं लाल विटांचं, आणि दोन विटांमध्ये चुन्याची फट दिसत नाही. त्या विटा कशाने जोडल्या यावर अजून वाद चालू आहे. संस्कृत शिलालेख आहेत. सत्तरच्या वर देवळं होती, आता वीसेक उभी आहेत.

बाकीची कुठे गेली? ऑगस्ट १९६९मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत गेली. ए-१ नावाने ओळखलं जाणारं, सगळ्यात उंच आणि सगळ्यात देखणं शिखर त्यातच कोसळलं. हजार वर्षं टिकलेलं एका आठवड्याच्या आत विटांचा ढीग. देवळांच्या मधे बॉम्बने पडलेले खड्डे अजून आहेत, आता त्यांत गवत उगवतं, पावसात पाणी साठतं. काझिमीर क्वियातकोव्स्की नावाच्या पोलिश वास्तुविशारदाने १९८०च्या दशकात तिथे जीर्णोद्धार सुरू केला. होई आनमध्ये त्याचा पुतळा आहे, तो जरूर बघा. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्याने ए, एच आणि के हे तीन गट हाती घेतले होते. २०२०मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं एकसंध दगडी शिवलिंग मिळालं.

आईंना आधीच सांगून ठेवा की तिथे पूजा चालत नाही. घंटा नाही, बेल नाही, गाभाऱ्यात अभिषेकाचं पाणी वाहून जायला पन्हाळी आहे पण ती कोरडी. काहींना ते सोसत नाही. चालू देऊळ बघायचं असेल तर दक्षिणेत फान रांगजवळ पो क्लाँग गराई आहे, तेराव्या शतकातलं. तिथे हिंदू चाम लोक अजून पूजा करतात, काटे नावाचा उत्सव करतात. ते मूळचे त्याच देशातले. कुणी परवा मुंबईहून जाऊन स्थायिक झालेले नव्हेत. सायगॉनमध्ये तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं मारिअम्मन मंदिरही आहे. तिथे उदबत्ती लावणाऱ्यांत व्हिएतनामी लोकच जास्त दिसतात.

एक इशारा. क्वांग त्रीकडे, उत्तर आणि दक्षिण व्हिएतनामच्या जुन्या सीमारेषेच्या भागात फिरलात तर पायवाट सोडून झाडीत शिरू नका. न फुटलेले बॉम्ब जमिनीत अजून आहेत. माई सनमध्ये आखलेल्या वाटा साफ केलेल्या आहेत, पण तिथेही फोटोसाठी रान तुडवायची गरज नाही.

---

सायगॉनकरीण

पोथीकाका, फार छान लिहिलंत. त्यात एक भर: जुलै २०२५मध्ये इथे ६३ प्रांतांचे ३४ केले. होई आन आणि माई सन आता दा नांगमध्ये मोडतात. जुन्या आणि नव्या पत्त्यांचा घोळ होतो, त्यामुळे टॅक्सीवाल्याला पत्ता सांगण्यापेक्षा नकाशावरचं ठिकाण दाखवा.

काकूंच्या जेवणाचं राहिलंच. साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशाचा सॉस असतो, आणि 'मांस नको' म्हटलं की लोक मनापासून मान डोलावून कोळंबी घालतात. त्यांच्या हिशेबात ते मांस नाही. पाटीवर 'चाय' लिहिलेली खानावळ शोधायची, ती बौद्ध शाकाहारी. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तर बरेच लोक शाकाहार पाळतात, तेव्हा रस्त्यावरसुद्धा भरपूर मिळतं. पण काकूंना कल्पना द्या, तिथे सोयाबीनची कोळंबी आणि सोयाबीनचं कोंबडीचं तंगडं मिळतं, शेपटी-बिपटीसकट हुबेहूब! माझ्या सासूबाई ताट सरकवून उठल्या होत्या. हनोईची अंड्याची कॉफी त्यांना चालणार नाही, नारळाची चालेल. आणि या खानावळींत बहुतेक ठिकाणी खुर्च्या असतात, स्टूल नव्हे.

---

निवांत नाना

२०२४मध्ये पाचेक लाख भारतीय तिथे गेले म्हणे. मग अनोळखी काय उरलं? दा नांगच्या समुद्रावर आता 'झिंगाट' वाजत असेल.

---

वडाची पारंबी

वाजतं. मी ऐकलंय. आणि त्या हॉटेलातल्या बाकी पाहुण्यांचे चेहरेही बघितलेत. नाना, या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने.

---

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळा धागा घरात मोठ्याने वाचला.

दिवाळी रद्द, मे नक्की. बायको थोडी हिरमुसली, पण होड्यांतून कंदील बघण्यापेक्षा बरं म्हणाली. हा लाँग अजून ठरलेलं नाही. हा जियांग नाही. मेहुण्याला चौथा मजला यांचा प्रतिसाद पाठवला, त्यावर नुसता अंगठा आला. सासरे बॉम्बचं वाचून पुन्हा सुरू झालेत.

सौ_हजार, तुम्ही म्हणालात म्हणून आईचा पासपोर्ट काढून बघितला. वडलांचं नाव वेगळ्याच स्पेलिंगने आहे. ते पासपोर्टप्रमाणेच भरायचं ना, आधारप्रमाणे नाही? आणि आई विचारतेय, त्या कोरड्या पन्हाळीत घरून नेलेलं चमचाभर पाणी घातलं तर पहारेकरी ओरडतील का.

---

सौ_हजार

पासपोर्टप्रमाणे. चूक असली तरी चुकीसकट.

---

जुनी पोथी

ओरडतील. पुरातत्त्वाची जागा आहे, विटा पाण्याने भुसभुशीत होतात. नुसता नमस्कार करा म्हणावं. आणि सकाळी लवकर पोचा, नऊनंतर बसगाड्या येतात आणि ऊनही चढतं. प्रवेशद्वारापासून देवळांपर्यंत बॅटरीवरची गाडी आहे, आईंना तिकीटघरापासूनच तीत बसवा.